नाव घ्या, मग आत या

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ माझ्या हार्ड डिस्कवर मावत नव्हता. खरं म्हणजे मावत होता, पण डिस्क तो घेत नव्हती. मोकळी जागा ११ जीबी, व्हिडिओ ६.२ जीबीचा, आणि विंडोज म्हणत होतं की या फाइल सिस्टीमच्या मानानं ही फाइल फार मोठी आहे. मी चौतीस वर्षं बँकेत काढली. खात्यात पैसे असूनही चेक परत आला की गिऱ्हाईक काउंटरच्या आतल्या माणसाकडं ज्या नजरेनं बघतं, त्या नजरेनं कुणाकडं तरी बघायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

"मामा, तुझी डिस्क फॅट आहे," भाचा म्हणाला.

८० जीबीची डिस्क. आजकाल याहून जास्त जागा फोनमध्ये असते. हिला लठ्ठ म्हणायचं म्हणजे आमच्या कुळकर्णीछाप देहयष्टीला पैलवान म्हणण्यासारखं. पण भाच्याचा रोख तिच्या बांध्यावर नव्हता. फाइल अलोकेशन टेबल या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. कुठली फाइल डिस्कवर कुठं ठेवली आहे, याची खतावणी.

या डिस्कची थोडी कुळकथा सांगायला हवी. २००५ साली बुधवार पेठेतून सुटे भाग आणून एका ओळखीच्या मुलानं आम्हाला कॉम्प्युटर जोडून दिला. ऐंशी जीबी म्हणून घेतलेली डिस्क घरी आल्यावर साडेचौऱ्याहत्तर भरली. मी दूधवाल्याची आठवण ठेवून त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, काका, कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसच्या. पुढं कॉम्प्युटर भंगारात गेला, पण डिस्क चालू होती. चालू असलेली वस्तू टाकून देणं आमच्याकडं पापात मोडतं. म्हणून तिला एका डबीत बसवून यूएसबीची वायर लावली. मुलगा दर दिवाळीला म्हणतो, बाबा, एक टीबीची नवी घेऊन टाका. मी म्हणतो, ही बंद पडू दे.

त्या ओळखीच्या मुलानं डिस्कचे तीन भाग केले होते, आणि तिन्ही फॅट ३२ मध्ये. तोवर बाजारात त्याहून चांगली पद्धत आलेली होती. पण दुरुस्ती करणाऱ्यांचं प्रेम फॅटवर, कारण विंडोज झोपलं तरी साध्या बूट फ्लॉपीनं आतलं सामान काढता यायचं. भागही मोठे करता येईनात, कारण विंडोज ३२ जीबीच्या वरचा फॅट ३२ भाग बनवूनच देत नसे. ही ३२ ची मर्यादा कुठून आली, याची गोष्ट मोठी झकास आहे. मायक्रोसॉफ्टमधले डेव्ह प्लमर यांनी १९९४ च्या अखेरीस फॉरमॅटची ती छोटी चौकट लिहिली. ती तात्पुरती होती, पुढं कुणीतरी नीट करील अशा बेतानं लिहिलेली. मर्यादा त्यांनी त्याच दिवशी आपल्या अंदाजानं ठरवली. चौकट तीस वर्षं तशीच राहिली. पुण्यात राहणाऱ्या माणसाला 'तात्पुरती व्यवस्था' या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या व्हिडिओला आडवी आलेली, एका फाइलला चार जीबीची मर्यादा मात्र अंदाजाची नव्हे, रकान्याची. फॅटच्या वहीत प्रत्येक फाइलच्या नोंदीला ३२ बाइट मिळतात, आणि त्यातले आकार लिहायला फक्त चार. चार बाइटमध्ये जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ हा आकडा बसतो. त्यावर एक बाइट जरी झाला तरी तो लिहायचा कुठं? आमच्या जुन्या लेजरातही रकमेचा रकाना मोजून छापलेला असे. एका गूळवाल्यानं एकदा एवढा भरणा केला की शेवटचा आकडा शेऱ्याच्या रकान्यात गेला आणि संध्याकाळी शाखेचा ताळा लागेना. गूळवाल्याची काही चूक नव्हती. पैसे खरे होते, तिजोरीत जागा होती, वही अरुंद होती.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एक्झॅक्टली, मामा." तो मला बरोबर म्हणाला, असं गेल्या दोन वर्षांत झालेलं नव्हतं. मी खुर्ची पुढं ओढली.

मग त्यानं सांगितलं ते माझ्या धंद्यातलंच निघालं. फॅट ही पद्धत मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी १९७७ साली बांधली. त्या वेळी डिस्क म्हणजे फ्लॉपी. फाइल मोठी असली की तिचे तुकडे पडतात आणि ते जागा मिळेल तिथं ठेवले जातात. खतावणीत पहिल्या तुकड्यापाशी लिहिलेलं असतं, 'पुढील तुकडा अमुक ठिकाणी.' तिथल्या नोंदीत पुढचा पत्ता. शेवटाला 'समाप्त'ची खूण. आमच्याकडं एखाद्या व्यापाऱ्याचं पान भरलं की तळाशी 'पुढे फोलिओ २१४ पाहा' लिहीत, आणि २१४ वर 'मागील पानावरून शिल्लक'. मधलं एक पान फाटलं की पुढची सगळी पानं असून नसल्यासारखी.

पुसण्याची तऱ्हा तर याहून मजेची. फॅटमध्ये फाइल पुसली की ती पुसली जातच नाही. नोंदीतल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडतात, तिथं एक ठरावीक खूण करतात आणि जागा मोकळी झाली असं धरून चालतात. डॉसच्या जमान्यात चुकून पुसलेली फाइल परत मागितली, तर मशीन बाकीचं नाव दाखवून विचारायचं, पहिलं अक्षर तेवढं सांगा. आमच्या वयाला नेमकं उलटं होतं. समोरून येणाऱ्या गृहस्थांचं पहिलं अक्षर पक्कं आठवतं, 'प'वरून काहीतरी, आणि पुढचं सगळं नाव खोडलेलं.

उपाय एकच होता. त्या भागाची फाइल सिस्टीम बदलायची, फॅटची एनटीएफएस करायची. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली ही नवी पद्धत, आता तिलाही तीस वर्षं उलटली. हिच्यात रकाना इतका रुंद की भाचीचं लग्न महिनाभर चाललं असतं तरी एका फाइलीत मावलं असतं. पण मला आवडलं ते दुसरंच. फॅटकडं नुसती खतावणी. एनटीएफएसकडं किर्दही आहे. खतावणीत फेरफार करायच्या आधी काय करणार आहे ते ती रोजकिर्दीत टिपून ठेवते. मध्येच वीज गेली तर उठल्यावर किर्द उघडते, कुठपर्यंत आलो होतो ते बघते आणि वही सरळ करून घेते. आधी किर्द, मग खतावणी. माझ्या वडिलांनी दुकानात हेच केलं आणि बँकेत मला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं. फॅटवाल्या डिस्कवर वीज गेल्यावर जो गोंधळ होई, तो बघता या हुशार लोकांना पहिल्यांदाच एखादा मारवाडी मुनीम का भेटला नाही, असं वाटून गेलं.

"बॅकअप आहे ना, मामा?"

मी चहाचं काय झालं ते विचारायला आत गेलो.

बॅकअप नव्हता. त्या भागातलं १६ जीबी सामान भाच्याच्या लॅपटॉपवर उतरवायला पाऊण तास लागणार होता. एवढा वेळ नुसतं बसून माणसाला काहीतरी आठवतंच.

आमच्या घरची खतावणी आईच्या डोक्यात होती. डब्यावर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं यांचा काडीचा संबंध नसे. बोर्नव्हिटाच्या डब्यात हरभऱ्याची डाळ, डालड्याच्या डब्यात पोहे, आणि बिस्किटांच्या सुंदर पत्र्याच्या डब्यात अर्थातच सुया-दोरे. आई चाळीतल्या आमच्या दहा बाय आठच्या स्वयंपाकघरात कुठली वस्तू कुठं आहे ते डोळे मिटून सांगायची. "फडताळात, वरून दुसरी फळी, चहाच्या डब्यामागं." तिथं हात घातला की वस्तू मिळायची, किंवा चिठ्ठी मिळायची. म्हणजे खरोखरीची चिठ्ठी नव्हे. तिथं रिकामी पिशवी असली तर त्याचा अर्थ, माळ्यावरच्या पिंपात बघ. पुढील तुकडा अमुक ठिकाणी.

फॅटमध्ये खतावणीच्या दोन प्रती ठेवतात. एक खराब झाली तर दुसरी असावी म्हणून. आमच्याकडची दुसरी प्रत म्हणजे आमची ही. तीस वर्षं सासूच्या हाताखाली वावरून तिनं जवळपास सगळं उतरवून घेतलं होतं. आई गेल्यावर घर त्या प्रतीवर बिनबोभाट चाललं. पण दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या नव्हत्या. आईच्या प्रतीत काही नोंदी अशा होत्या, ज्या तिनं कुणालाच उतरवू दिल्या नव्हत्या. नोटाबंदीला दीड वर्ष उलटून गेल्यावर राजगिऱ्याच्या डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी सापडली. तिच्यात पाचशेच्या चार नोटा.

डिस्कवर असं झालं की त्याला हरवलेले क्लस्टर म्हणतात. सामान जागेवर आहे, जागा भरलेली दिसते, पण कुठल्याच नावावर चढलेली नाही. तपासणी करणारा प्रोग्रॅम असे तुकडे गोळा करून शून्य शून्य शून्य शून्य असं अनुक्रमाचं नाव देऊन एका फाइलीत ठेवतो. आम्ही त्या नोटा देवघराच्या खणात ठेवल्या आहेत. त्यांचं काय करायचं ते कुणी ठरवलेलं नाही.

नक्कल संपली. भाच्यानं काळी खिडकी उघडली. 'कन्व्हर्ट', मग त्या भागाचं अक्षर, मग तिरकी रेघ, 'एफएस', विसर्ग आणि 'एनटीएफएस', असं मला टाइप करायला लावलं आणि फोन आला म्हणून गॅलरीत गेला. मी एंटर दाबलं. मशीन म्हणालं, या ड्राइव्हचं सध्याचं नाव लिहा.

हे वाचलं आणि मला हसू आलं. गृहप्रवेशाला नवी सून उंबऱ्याशी आली की नणंदा दार अडवतात. घर तिचंच, नवरा शेजारी उभा, मापही पायाशी ठेवलेलं. पण नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. कन्व्हर्टचा हेतूही तोच असणार. भलत्याच ड्राइव्हचं लग्न लागू नये म्हणून खात्री करून घ्यायची. फरक एवढाच की इथं यमक जुळवावं लागत नाही.

मी आधी माझंच नाव लिहिलं. या ड्राइव्हसाठी चुकीचं नाव दिलंत, असं सांगून मशीननं बाहेर काढलं. पुन्हा पहिल्यापासून हुकूम टाइप केला आणि हिचं नाव लिहिलं. चुकीचं. मुलाचं लिहिलं. चुकीचं. आईचं लिहून बघितलं, मग घाबरत कुलदैवताचं. हीच तेवढ्यात चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, काय चाललंय? लग्नात तुम्हाला माझं एक नाव घ्यायला सांगितलं होतं तर वीस मिनिटं खोकत बसला होतात."

भाचा आत आला, त्यानं दुसरी खिडकी उघडली आणि बोट ठेवलं. तिथं ठळक लिहिलेलं होतं, 'न्यू व्हॉल्यूम'. २००५ साली विंडोजनं आपण होऊन दिलेलं नाव. बारसं करायचं राहूनच गेलं होतं. जवळजवळ वीस वर्षांची, भंगारातून वाचलेली, कुरकुर करणारी डिस्क, आणि नाव 'नवी'. पण हसणारा मी कोण? पुण्यातला नवा पूल १९२३ साली वाहतुकीला खुला झाला, शंभरी ओलांडून गेला, अजून नवाच. आमचे बाळकाका ८१ व्या वर्षी गेले तेव्हा पेपरातल्या निधनवार्तेतही कंसात बाळ होते.

नाव घेतलं. दार उघडलं.

यानंतर आत जे होतं ते मला फार सभ्य वाटलं. सामान हलवत नाहीत. म्हणजे १६ जीबीतली एकही फाइल उचलून दुसरीकडं ठेवत नाहीत. आधी जुनी वही तपासतात, ताळा लागतो का ते बघतात. मग नव्या वहीला किती जागा लागेल त्याचा हिशेब पडद्यावर मांडतात, आणि मोकळ्या जागेत नवी खतावणी लिहायला बसतात. त्यात त्याच सामानाचे तेच पत्ते. ती पुरी होईपर्यंत जुनी वहीच अधिकृत. अगदी शेवटी, सगळं लिहून झाल्यावर, डिस्कच्या पहिल्या पानावरची पाटी बदलतात. आमच्या शाखेत लेजरं जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही कित्येक आठवडे दोन्हीकडं लिहीत होतो आणि रात्री नऊपर्यंत दोन्हींचा ताळा घेत होतो. इथं सात मिनिटं लागली.

ॲपलनं तर हे काम लोकांच्या खिशात केलं. मार्च २०१७ मध्ये आयफोनचं एक अपडेट आलं आणि कोट्यवधी फोनांची फाइल सिस्टीम बदलून गेली, मालकांना पत्ता नाही. त्याच्या आधीच्या अपडेटांमध्ये त्यांनी गुपचूप रंगीत तालीमही करून घेतली होती. नवी वही लिहून बघायची, जुळते का ते तपासायचं, कंपनीला निकाल कळवायचा आणि फोन पूर्वी होता तसा ठेवून द्यायचा. फोनवाले झोपेत होते. घरातली भांडीसुद्धा न वाजवता स्वयंपाकघर बदलण्याचा हा प्रकार आमच्या हिला सांगितला तेव्हा तिनं नुसतं "हं" म्हटलं.

कन्व्हर्टला परतीचा रस्ता नाही. फॅटवरून एनटीएफएसकडं जाता येतं, उलट येता येत नाही. यायचंच असेल तर सगळं सामान बाहेर काढा, घर पाडा आणि पुन्हा बांधा. लिनक्सवाल्यांकडं एक्स्टवरून बीटीआरएफएसकडं नेणारं एक अवजार आहे. ते मात्र जुन्या फाइल सिस्टीमची पुरी प्रतिमा एका बाजूच्या खोलीत जपून ठेवतं. पटलं नाही तर माघारी जाता येतं. लग्न झालेल्या मुलीची माहेरची खोली जशीच्या तशी ठेवावी, तसं. ती खोली कधी मोकळी करायची ते तुम्ही ठरवायचं. माझ्या बहिणीकडं भाचीच्या खोलीत लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात इस्त्रीचं टेबल आलं.

बदल झाल्यावर मी तारखा बघत बसलो, बँकेची सवय. फॅटच्या लेखी जग १ जानेवारी १९८० ला सुरू होतं. त्याआधी काही घडलेलं त्याच्या रकान्यात लिहिताच येत नाही. वेळही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं आणि भिंतीवरच्या घड्याळात दिसेल ती. एनटीएफएसचं घड्याळ १ जानेवारी १६०१ पासून चालू आहे आणि एका सेकंदाचे एक कोटी भाग मोजतं. चारशे वर्षांचं जे ग्रेगरी आवर्तन २००० साली संपलं, त्याचा तो पहिला दिवस, म्हणून तिथपासून. भाच्याला ही माहिती रुक्ष वाटली. मला वाटली नाही. माझी डिस्क सकाळपर्यंत शिवजन्म मानायला तयार नव्हती. दुपारी तिच्यात १६३० ची सोय झाली, १७६१ चं पानिपतही बसलं. ज्ञानेश्वरी १२९० ची, ती अजून बाहेरच आहे. भाचीच्या लग्नाचा मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा होता आणि अंतरपाट सव्वाला दूर झाला, त्यामुळं सेकंदाचे कोटी भाग आमच्या लग्नघरात कुणाच्या उपयोगाला येणार, हा प्रश्न राहतोच.

सगळं जागेवर आहे ना म्हणून मी एक जुनी फाइल उघडली. आईच्या पंचाहत्तरीला मी केलेलं भाषण, श्रीलिपीत टाइप केलेलं. फाइल मिळाली, आकार बरोबर, तारीख बरोबर. उघडली तर आत रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं आणि टोप्या, मध्येच पौंडाची खूण. भाचा म्हणाला, "मामा, ही कुठली भाषा?" ही मराठीच होती. तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नव्हता आणि युनिकोडच्या आधीच्या काळात अक्षरं फॉन्टच्या भरवशावर सोडलेली होती. खतावणी कितीही नवी केली तरी ती डबा कुठं आहे तेवढंच सांगते. त्या लिखाणाचं युनिकोड करायला वेगळं कन्व्हर्टर लागतं. भाचा ते पुढच्या रविवारी करून देतो म्हणाला आहे. त्याचा पुढचा रविवार मला ठाऊक आहे, म्हणून मी भाषणाचा छापील कागद शोधायला घेतलाय. तो आईनं जपून ठेवला होता. कुठं, ते तिच्या प्रतीत होतं.

व्हिडिओ मात्र बिनतक्रार उतरला. रात्री आम्ही तिघं तो बघायला बसलो. गुरुजी माइकवरून म्हणतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि कॅमेरा मंडपाच्या दाराकडं वळतो. फुलांची माळ, करवल्या, वाजंत्रीवाल्यांचा क्लॅरिनेट, पुन्हा करवल्या. हिनं रिमोट हातात घेऊन दोनदा मागं नेऊन बघितलं. अडीच तासांच्या त्या ६.२ जीबीमध्ये मी अकरा सेकंद आहे. त्यातले सात पाठमोरा.